तेरावा बलुतेदार

कोणतें काम कोणीं करावें, हा प्रश्न मनुष्यसमाजाइतकाच जुना आहे. आमच्या खेड्यांनीं त्याचें एक उत्तर बारा बलुत्यांच्या रूपानें शतकानुशतकें देऊन ठेवलें होतें. सुतारानें नांगर करावा, लोहारानें फाळ पाजवावा, कुंभारानें मडकीं घडवावींत, न्हाव्यानें श्मश्रु करावी, आणि सुगीच्या वेळीं प्रत्येकानें खळ्यावर येऊन आपलें बलुतें धान्याच्या रूपानें घेऊन जावें, अशी ती व्यवस्था होती. तिचे दोष उघड आहेत. तींत काम माणसाच्या गुणावरून नव्हे तर जन्मावरून ठरे, आणि कित्येकांच्या वांट्यास कष्ट व अपमान तेवढे येत. ती गेली याची हळहळ वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु तिच्यांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सेवा घेतली म्हणजे बलुतें द्यावेंच लागे. तें चुकत नसे.

गेल्या पाऊणशें वर्षांत जगाच्या गांवगाड्यांत एक तेरावा बलुतेदार येऊन बसला आहे. त्याचें नांव संगणक. त्याला वतन नाहीं, जात नाहीं, सुट्टी नाहीं. प्रथम तो हिशेब करावयास आला. मग त्यानें पत्रें पोंचविण्याचें काम उचललें. पुढें तो तिकिटें देऊं लागला, पैसे मोजूं लागला, विमानें हांकूं लागला, आणि आतां तर निबंधहि लिहूं लागला आहे. खळ्यावर येऊन तो धान्य मागत नाहीं; त्यामुळें, एकदां किंमत मोजून त्यास घरांत आणला कीं त्याची सेवा फुकट, अशी पुष्कळांची समजूत होते. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, त्याचेंहि बलुतें आहे आणि तो तें न चुकतां वसूल करतो. जें काम आपण त्यास देतों, त्या कामांतला आपला सराव तो घेऊन जातो. हें बलुतें किती द्यावें, कोणत्या कामापुरतें द्यावें आणि कोठें मुळींच देऊं नये, याचा विचार करण्याचा आज आमचा मानस आहे.

आम्ही स्वतः इंग्रजी वाङ्मयाचे शिक्षक. यंत्रविद्येशीं आमचा संबंध दूरचा. परंतु आमचा मुलगा संगणकाच्या व्यवस्था आंखण्याच्या धंद्यांत आहे, आणि घरांत पडलेलें कोणतेंहि पुस्तक उघडून पाहण्याची आम्हांस जुनी खोड आहे. त्यामुळें या विषयावरील बरेंचसें वाङ्मय आमच्या नजरेखालून गेलें. एके रविवारीं चहाच्या वेळीं आम्हीं त्यास विचारलें, "काय रे, एखादी नवी व्यवस्था आंखतांना माणसाचं काम कोणतं आणि संगणकाचं कोणतं, हें तुम्ही कसं ठरवतां?"

"सोपं आहे, बाबा," तो म्हणाला. "जें संगणकाला जमतं तें सगळं संगणकाला द्यायचं. उरेल तें माणसाचं."

उत्तर सरळ होतें आणि प्रामाणिकहि होतें. पण 'उरेल तें' हे दोन शब्द आमच्या मनांतून जाईनात. घरांत सर्वांच्या शेवटीं जेवावयास बसणाऱ्या गृहिणीच्या पानांत जें येई, तेंच आतां एकंदर माणसाच्या वांट्यास यावयाचें कीं काय, अशी शंका आली.

या वांटणीचा पद्धतशीर विचार करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १९५१ सालीं अमेरिकेंत झाला. आकाशांतील विमानांस वाट दाखविण्याच्या कामांत माणसाकडे काय सोंपवावें व यंत्राकडे काय, याविषयीं पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाच्या संपादकत्वाखालीं एक अहवाल निघाला. त्यांत दोन याद्या आहेत. माणूस ज्यांत सरस अशा सहा गोष्टी एका यादींत, आणि त्या काळचें यंत्र ज्यांत सरस अशा पांच गोष्टी दुसरींत. अंधुक प्रकाश किंवा बारीकसा आवाज टिपणें, आकृति ओळखणें, प्रसंग पाहून नवी युक्ति योजणें, पुष्कळ माहिती दीर्घकाळ जतन करून तींतली नेमकी गोष्ट वेळेवर आठवणें, उदाहरणांवरून नियम काढणें आणि तारतम्य पाहणें, हीं कामें माणसाचीं. तत्काळ प्रतिसाद देऊन मोठें बळ नेमकेपणानें लावणें, तेंच तें काम न कंटाळतां करणें, माहिती थोडा वेळ धरून मग साफ पुसून टाकणें, नियमावरून हिशेब काढणें आणि एकाच वेळीं अनेक व्यवधानें सांभाळणें, हीं कामें यंत्राचीं.

ही यादी वाचतांना आज थोडें हंसूं येतें. दीर्घ स्मरण माणसाचें आणि झटपट विसरणें यंत्राचें, ही वांटणी आतां अगदीं उलटी झाली आहे. कोथिंबीर आणावयाची हें भला गृहस्थ घरापासून मंडईपर्यंत जातां जातां विसरतो, आणि त्यानें चार वर्षांपूर्वीं एकदां नुसत्या पाहिलेल्या पंख्याची आठवण संगणक त्यास अजून करून देत असतो. आकृति ओळखण्यांतहि यंत्र पुष्कळ पुढें गेलें आहे. तेव्हां 'आज यंत्रास काय जमतें' या पायावर केलेली वांटणी फार दिवस टिकत नाहीं. माणसाच्या बाजूचा एक एक खडा उचलला जातो, आणि 'उरेल तें' आणखी कमी उरतें.

परंतु यादी जुनी होणें हा तिचा लहान दोष झाला. मोठा दोष असा कीं, काम म्हणजे धान्याची रास नव्हे. चार पायल्या इकडे व चार तिकडे टाकल्या कीं वांटणी झाली, असें तेथें होत नाहीं. बासुंदी आटवणाऱ्या बाईचें उदाहरण घ्या. ढवळणें हें कंटाळवाणें काम. तें यंत्रास द्यावें. दूध केव्हां उतरवावें हें ठरविणें अकलेचें काम. तें बाईकडे ठेवावें. वांटणी तर्कशुद्ध दिसते. पण दूध दाट होत चालल्याची खबर तिला पळीच्या दांड्यांतूनच लागत असते; दूध खालीं लागूं लागलें तर तें डोळ्यांस दिसण्यापूर्वीं हातास कळतें. पळी काढून घेतली म्हणजे श्रम जातात, आणि त्यांच्याबरोबर खबरहि जाते. मग अकलेचें काम तिनें कशाच्या आधारावर करावें?

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं स्वयंचलनांतील विपरीत गोष्टींविषयीं एक लहानसा निबंध लिहिला. मोठ्या कारखान्यांतील चालकांचा विचार करतां करतां त्या ज्या ठिकाणीं येऊन पोंचल्या, तें असें. व्यवस्था आंखणाऱ्याचा माणसावर भरंवसा नसतो. माणूस चुकतो म्हणून तो त्यास कामावरून दूर करतो. परंतु जें यंत्राकडून कसें करवून घ्यावें हें त्यास सुचत नाहीं, तें तो त्याच बेभरंवशाच्या माणसाच्या गळ्यांत घालतो. अशा रीतीनें माणसास उरलेलीं कामें मुख्यतः दोन: सर्व ठीक चाललें आहे ना हें पाहत बसणें, आणि बिघडलें तर तें स्वतः हातीं घेणें.

यांतलें पहिलें काम माणसाच्या प्रकृतीस मानवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या ब्रिटिश विमानांतील सैनिक रडारच्या पडद्याकडे टक लावून बसत, आणि कांहीं वेळानें समोर उमटलेला ठिपकाहि त्यांच्या नजरेंतून सुटे. नॉर्मन मॅकवर्थ यानें या गोष्टीचा छडा लावला. एका कोऱ्या तबकडीवर कांटा टिकटिक पुढें सरकतो. मधूनच एखादे वेळीं तो दुप्पट उडी घेतो. ती उडी दिसली कीं कळ दाबावयाची, एवढेंच काम त्यानें माणसांस दिलें. अर्ध्या तासांतच चुका वाढूं लागल्या. हे प्रयोग १९४८ सालीं प्रसिद्ध झाले. तीन तासांच्या परीक्षेवर देखरेख केलेल्या कोणाहि प्राध्यापकास यांत नवल वाटणार नाहीं.

दुसरें काम त्याहून अवघड. जें हातीं घ्यावयाचें तें रोज करण्याची संवय सुटलेली असते. आणि हातीं घेण्याची वेळ येते ती यंत्रानें हात टेकल्यावर, म्हणजे नेमकी सर्वांत कठीण प्रसंगीं. म्हणून बेनब्रिजबाईंचें सांगणें असें कीं, यंत्र जितकें चांगलें, तितकी त्याच्याजवळ बसणाऱ्या माणसाच्या शिक्षणाची गरज अधिक.

या निबंधानंतर सव्वीस वर्षांनीं, १ जून २००९ रोजीं, रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेलें एअर फ्रान्सचें ४४७ क्रमांकाचें विमान रात्रीं अटलांटिक महासागरावर उडत होतें. विमान स्वयंचालक यंत्राच्या ताब्यांत होतें. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे स्फटिक अडकले, वेगाचे आंकडे एकमेकांशीं जुळेनासे झाले, आणि यंत्रानें आपल्या नियमाप्रमाणें काम सोडून विमान वैमानिकांच्या हातीं दिलें. नळ्या मिनिटाभराच्या आंतच मोकळ्या झाल्या. परंतु तेवढ्या उंचीवर, अंधारांत, वेग कळत नसतांना हातानें विमान चालविण्याचा सराव वैमानिकांस नव्हता. विमानाचें नाक वर उचललें गेलें आणि पंखांस असलेला हवेचा आधार सुटला. तसा इशारा यंत्र वारंवार देत होतें, तरी काय घडत आहे हें कोणास उमगलें नाहीं. साडेचार मिनिटांच्या आंत विमान समुद्रांत कोसळलें आणि २२८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशी करणाऱ्या फ्रेंच मंडळाचा अंतिम अहवाल २०१२ सालीं निघाला. शिक्षणाच्या या उणिवेवर त्यानें बोट ठेवलें आहे. स्वयंचालक यंत्रांमुळें विमानप्रवास एकंदरींत पुष्कळ सुरक्षित झाला आहे, हें विसरतां कामा नये. पण तेरावा बलुतेदार आपलें बलुतें कसें नेतो, हें या प्रसंगाइतकें स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

याच्या उलट उदाहरण बेनब्रिजबाईंच्या निबंधाच्या सालींच घडलें होतें. जगास तें कळावयास मात्र पुढें बरींच वर्षें लागलीं. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्रीं सोव्हिएट रशियांत स्टानिस्लाव पेट्रोव्ह हा लष्करी अधिकारी उपग्रहांकडून येणाऱ्या सूचनांवर देखरेख करीत होता. अमेरिकेनें क्षेपणास्त्र सोडलें असें संगणक सांगूं लागला. मग आणखी चार. पेट्रोव्हनें वरिष्ठांस कळविलें कीं, ही सूचना खोटी आहे. युद्धाचा आरंभ कोणी अवघ्या पांच क्षेपणास्त्रांनीं करीत नाहीं. ही यंत्रणा नवी आहे. जमिनीवरच्या रडारवर कांहींच दिसत नाहीं. असा त्याचा विचार. पुढें उघडकीस आलें कीं, उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहांनीं क्षेपणास्त्रांची ज्वाला समजला होता. पेट्रोव्ह हें करूं शकला याचें श्रेय त्याच्या धैर्यास आहेच. परंतु तो स्वतः अभियंता होता, यंत्राचें पोट त्यास ठाऊक होतें, आणि अहवालांत काय सांगावयाचें हें ठरविण्यास तेथें माणूस ठेवलेला होता. यंत्राचें म्हणणें नाकारण्यास दोन गोष्टी लागतात: एक ज्ञान, दुसरा अधिकार. दोहोंपैकीं एक नसेल तर माणूस तेथें असून नसल्यासारखाच.

ज्ञानाचा विचार आधीं करूं. आमचे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घडाघड म्हणत. आम्हांस त्यांतली पाऊणकीपर्यंत कशीबशी मजल मारतां आली. आमच्या मुलास तर हीं नांवेंहि गमतीचीं वाटतात. आम्हांस याचें दुःख नाहीं. साडेतीनाचा पाढा हें ओझें होतें. तें यंत्रानें उचललें, बरें झालें. पण त्या पाढ्यांबरोबर आजोबांस आणखी एक वस्तु मिळाली होती, ती म्हणजे अदमास. साठ रुपये किलोच्या सव्वादोन किलो तांदुळाचे दुकानदाराच्या यंत्रानें १३५० रुपये दाखविले, तर 'हें कांहींतरी भलतेंच आहे' असें मनास चटकन वाटलें पाहिजे. १३५ हा नेमका आंकडा काढावयास यंत्र आहे. भलतें तें भलतें वाटावयास माणूस पाहिजे. पाढे गेले तरी चालेल, अदमास जातां कामा नये. आणि अदमास हा पुस्तकांतून येत नाहीं. थोडें गणित स्वतः करीत राहिल्यानेंच तो टिकतो.

आतां अधिकाराचा विचार. १९७८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथल्या तंत्रविद्येच्या संस्थेंत शेरिडन व व्हरप्लँक या दोघांनीं, समुद्राखालीं दुरून चालवावयाच्या यंत्रांचा अभ्यास करतांना, माणूस व संगणक यांच्यामधील अधिकाराच्या दहा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर सर्व कांहीं माणूस करतो. पुढें संगणक पर्याय मांडतो. मग त्यांतला एक सुचवितो. मग माणसानें होकार दिला तर तसें करतो. मग कांहीं वेळ थांबून, माणसानें नकार दिला नाहीं तर करतो. मग करून टाकून सांगतो. मग विचारलें तरच सांगतो. आणि दहाव्या पायरीवर माणसाकडे न पाहतां सर्व आपलें आपण करतो. या पायऱ्या वाचतांना मराठी वाचकास आपला इतिहास आठवल्यावांचून राहणार नाहीं. शाहू महाराज १७४९ सालीं निवर्तले. पुढें राज्याचा कारभार पुण्यास होऊं लागला. तरीहि नव्या पेशव्यास वस्त्रें यावयाचीं तीं साताऱ्याहूनच. वस्त्रें देणें थांबलें नाहीं. 'नाहीं' म्हणण्याची शक्ति मात्र उरली नाहीं. आज अनेक कचेऱ्यांत संगणकानें केलेल्या निर्णयाखालीं 'मान्य' अशी कळ दाबण्यास एक माणूस बसविलेला असतो. तो वस्त्रें देत असतो, एवढेंच.

याचें एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर घडलें. आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवीत होतों, त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असें इतरत्रहि घडत असेल. तेथें हजेरीचा कागदी पट जाऊन अंगठ्याचें यंत्र आलें. विद्यार्थ्यानें दाराशीं कांचेवर अंगठा ठेवावयाचा. हजेरी मांडण्याचें व टक्के काढण्याचें काम संगणकाचें. शेंकडा ७५ हजेरी नसेल तर परीक्षेचा अर्ज संगणक उघडतच नसे. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गांत एक मुलगी होती. सकाळीं आईबरोबर चार घरचीं धुणींभांडीं करून ती येई आणि पुढच्या बांकावर बसे. साबणानें व पाण्यानें तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र तिला कधीं ओळखी, कधीं ओळखत नसे. दोनतीनदां अंगठा ठेवून ती आंत येऊन बसे, कारण व्याख्यान सुरू झालेलें असे. वर्षाअखेर यंत्राच्या हिशेबीं तिची हजेरी अठ्ठेचाळीस टक्के भरली.

ती कचेरींत गेली. तेथले कारकून भले गृहस्थ, तिला नित्य पाहणारे. ते म्हणाले, "बाळ, तूं रोज येतेस तें मला दिसतंय. पण सिस्टिम घेत नाहीं, मी काय करूं?" आम्ही गेलों तेव्हां आम्हांसहि तेंच उत्तर मिळालें, 'बाळ'च्या जागीं 'सर' एवढाच फरक. शिकविणाऱ्या चौघां प्राध्यापकांनीं ती वर्गांत असे असें लिहून दिलें. प्राचार्यांनीं त्यावर सही केली. परंतु तें पत्र संगणकांत घालावयास जागाच नव्हती. यंत्राचा आंकडा बाजूस ठेवून अर्ज उघडण्याचा अधिकार व्यवस्था आंखणारानें कॉलेजांतल्या कोणासहि ठेवला नव्हता. पत्रें जात-येत राहिलीं आणि अकराव्या दिवशीं अर्ज उघडला. तोंवर विलंबशुल्काची तारीख लागली होती, आणि तें माफ करण्याचीहि सोय नव्हती. तिच्या आईनें एका घरून उचल घेऊन तें भरलें. मुलगी परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली. पण त्या अकरा दिवसांत एकदां तिनें आम्हांस विचारलें होतें, "सर, मी वर्गांत होतें ना?" आपण वर्गांत होतों किंवा नाहीं, याविषयीं प्रत्यक्ष जी तेथें होती तिलाच संशय यावा, ही गोष्ट आमच्या मनास फार लागली.

व्यवस्था आंखणाराच्या बाजूनेंहि बोललें पाहिजे. कागदी पट होता तेव्हां वशिला होता, खोट्या सह्या होत्या. कोणाच्या पुतण्यावर कृपा आणि कोणाच्या पोरावर अवकृपा होत असे. यंत्र सर्वांस सारखें लेखतें. मोजण्याचें काम त्यास दिलें हें योग्यच झालें. चूक झाली ती पुढची: मोजण्याबरोबर न्याय करण्याचें कामहि त्याच्याकडे गेलें, आणि माणसास उरलें तें निरोप्याचें काम. वशिल्याचें भय होतें तर माणसाचा अधिकार काढून घेण्याऐवजीं तो उजेडांत ठेवतां आला असता. यंत्राचा आंकडा कोणीं बाजूस ठेवला, कोणत्या कारणासाठीं ठेवला, हें त्याच्या नांवानिशीं नोंदवून ठेवण्यास संगणकासारखा दुसरा कारकून नाहीं. नोंद त्यानें ठेवावी, निर्णय माणसानें करावा, आणि त्या निर्णयाखालीं माणसाचें नांव असावें. जबाबदारी ही एक वस्तु अशी आहे कीं, ती यंत्राकडे दिली असतां ती त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. वाटेंतच नाहींशी होते.

वांटणी चांगली झाल्याचींहि उदाहरणें आपल्या नित्याच्या अनुभवांत आहेत. आगगाडींतील जागा राखून ठेवण्याचें काम पूर्वीं जाडजूड वह्यांतून चाले. १९८५ सालीं नवी दिल्लींत तें संगणकाकडे देण्यास आरंभ झाला आणि हळूहळू सर्व देशांत तो प्रघात पडला. लक्षावधि जागांचा हिशेब, कोणाची जागा रद्द झाली व कोणाचा नंबर वर सरकला, हें काम माणसाच्या आटोक्याबाहेरचें. तें यंत्र उत्तम करतें. पण गाडी सुटल्यावर यादी हातांत घेऊन तिकीट-तपासनीस डब्यांत येतो. वरचा बांक मिळालेल्या म्हाताऱ्या बाईंकडे पाहून एखादा तरुण म्हणतो, "आजी, तुम्ही खालीं झोपा, मी वर जातों." तपासनीस मान हालवितो, आणि तंटा मिटतो. यंत्रानें दिलेल्या जागेंत माणसास फेरफार करतां येतो, म्हणूनच ती व्यवस्था सुसह्य झाली आहे.

माणूस व संगणक यांच्या सहवासाचें सर्वांत आशादायक चित्र जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६० सालीं रेखाटलें. त्यानें उदाहरण घेतलें तें अंजिराचें झाड व त्याच्या फळांत राहणारा कीटक यांचें. आमच्या वाचकांनीं दत्ताच्या देवळामागचा उंबर आठवावा. फळावांचून कीटकाची वाढ नाहीं, कीटकावांचून झाडास बीं नाहीं. लिकलायडरनें १९५७ सालीं आपल्याच वेळेचा हिशेब ठेवून पाहिला. तेव्हां त्यास असें आढळलें कीं, विचारासाठीं म्हणून राखलेल्या वेळांतला सुमारें शेंकडा ८५ भाग प्रत्यक्ष विचारांत जातच नाहीं. माहिती हुडकणें, आंकडेमोड करणें, आलेख काढणें, अशा तयारींतच तो संपतो. ही तयारी संगणकानें करावी, आणि ध्येय ठरविणें, प्रश्न विचारणें व उत्तराची पारख करणें हें माणसानें करावें, अशी त्याची कल्पना.

ही कल्पना आम्हांस मान्य आहे. मात्र तिला एक पुरवणी जोडावीशी वाटते. त्या शेंकडा ८५ मधील सर्वच भाग ओझें नसतो. दफ्तरांतले रुमाल एकामागून एक सोडून पाहणाऱ्या इतिहास-संशोधकाचें काम कंटाळवाणें खरें. पण नको असलेलीं शंभर पत्रें वाचल्यामुळेंच हव्या असलेल्या एका पत्राचा खरेखोटेपणा त्यास ओळखतां येतो. त्याची ती मेहनत म्हणजे बासुंदीची पळी आहे. तेव्हां कोणतेंहि काम यंत्रास देण्यापूर्वीं 'हें यंत्रास जमतें काय?' एवढेंच विचारून भागणार नाहीं. 'हें ओझें आहे कीं पळी आहे?' असाहि प्रश्न विचारला पाहिजे. ओझें खुशाल द्यावें. पळी द्यावयाची झाल्यास, तींतून मिळणारी खबर दुसऱ्या कोणत्या वाटेनें हातास पोंचेल, हें आधीं ठरवावें.

शिवाय एकच काम एकाचें ओझें आणि दुसऱ्याची पळी असूं शकतें. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी जगापुढें आलें, आणि निबंध लिहिण्याचें काम यंत्राच्या आटोक्यांत आलें. आमचे विद्यार्थी म्हणतात, यंत्रानें लिहावें व आम्हीं तपासावें. हें तर तबकडीच्या कांट्याकडे पाहत बसण्याचें काम झालें. तेंहि ज्यानें कधीं कांटा फिरविला नाहीं त्याचें! तीस वर्षें लिहीत आलेल्या माणसास एखाद्या व्यावहारिक पत्राचा मसुदा यंत्राकडून करवून घेतां येईल. त्यांतला पोकळ शब्द त्याच्या नजरेस तत्काळ टोंचेल. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाची नजर अजून घडावयाची आहे, आणि ती वाक्य लिहून, खोडून, पुन्हां लिहूनच घडते. म्हणून आम्हीं वर्गांत असा नियम ठेवला आहे: पहिलें वर्ष सर्व लेखन हातानें, वर्गांत, आमच्यासमोर, तिसऱ्या वर्षीं यंत्राचा निबंध घेऊन यावा, पण त्यांतल्या प्रत्येक विधानाची व प्रत्येक विशेषणाची झडती घ्यावी. पहिल्या वर्षांतलीं मुलें कुरकुरतात. तिसऱ्या वर्षांतलीं बहुधा कुरकुरत नाहींत. यंत्राचें एखादें दिमाखदार वाक्य आंतून रिकामें आहे हें पकडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो आम्हांस पुष्कळ वाटतो.

आमच्या मुलास आम्हीं हें सर्व बोलून दाखविलें. तो म्हणाला, "बाबा, पण असा विचार करत बसलों तर काम वेळेवर पुरं कसं व्हायचं?" शंका खोटी नाहीं. माणसास अधिकार ठेवावयाचा म्हणजे त्याच्या शिक्षणाचा खर्च आला, वेळ आला, कधीं कधीं त्याचा हट्टहि आला. हा खर्च टाळून व्यवस्था स्वस्त होते, आणि त्या स्वस्ताईची किंमत पुढें अकरा दिवस हेलपाटे घालणाऱ्या एखाद्या मुलीस किंवा रात्रीं झोपेंत असलेल्या प्रवाशांस द्यावी लागते. व्यवस्था आंखणाऱ्यांनीं आपल्या कागदावर यंत्राचीं कामें लिहून झाल्यावर माणसाच्या नांवापुढें 'उरेल तें' असें लिहूं नये. आरंभ माणसापासून करावा: कठीण वेळीं यानें काय करावें अशी आपली अपेक्षा आहे, तें करतां यावें म्हणून रोज त्याच्या हातून काय घडत राहिलें पाहिजे, आणि 'नाहीं' म्हणण्याची जागा त्यास कोठें ठेवली आहे, हें आधीं लिहावें. मग उरेल तें यंत्राचें.

तेराव्या बलुतेदाराशीं आमचें वैर नाहीं. तो गांवांत राहणार, आणि राहावा. त्याच्यावांचून आतां कोणाचें चालावयाचें नाहीं. बलुतें दिल्यावांचून सेवा घेऊं नये, हाहि न्याय आहे. परंतु शहाणा शेतकरी रास वांटावयास बसण्यापूर्वीं पुढच्या पेरणीचें बियाणें बाजूस काढून ठेवतो. ती कणगी तो कोणाहि बलुतेदारासाठीं उघडत नाहीं. आमच्या हाताच्या व बुद्धीच्या सरावांतला थोडा भाग तसा आहे. तो कोणता, हें ज्यानें त्यानें आपलें आपण ठरवावयाचें आहे, आणि निदान एवढें ठरविण्याचें काम तरी दुसऱ्या कोणाकडे देतां येणार नाहीं.